बी वाळते, पण मरत नाही



खळे आवरले, की आपण पुढच्या पेरणीसाठी चांगले दाणे बाजूला काढून ठेवतो. त्यातला ज्वारीचा एक दाणा हातावर घेऊन पाहा. कडक, कोरडा, अगदी खड्यासारखा. वजनाच्या शंभर भागांत पाणी असेल दहा-बारा भाग. ज्या ताटावर तो वाढला त्याच्या हिरव्या पानात हेच पाणी शंभरात सत्तर-ऐंशी भाग होते. पान इतके वाळले असते तर त्याचा पाचोळा झाला असता. पुन्हा पाणी घातले तरी ते कुजलेच असते. दाणा मात्र सात-आठ महिने असाच पडून राहतो आणि पाणी लागले की चौथ्या दिवशी जमिनीतून डोके वर काढतो.

हा चमत्कार नव्हे. यामागे दाण्याची मोठी पूर्वतयारी असते. ती तयारी कशी होते आणि कशाने बिघडते, हे समजून घेतले तर जूनमधली एक तक्रार बरीच कमी होईल. ‘बी टाकले पण उगवलेच नाही’ ही ती तक्रार. त्या वेळी दोष पावसाला जातो, जमिनीला जातो, कधी दुकानदाराला जातो. घरचे बियाणे असेल तर बऱ्याच वेळा ते खळे आणि पेरणी यांच्या मधल्या काळातच मेलेले असते. दिसायला तेच, वजनाला तेच, पण आत जीव नाही.

आधी हिरव्या पानाचे काय होते ते पाहू. पेशी म्हणजे पाण्याने फुगलेली बारीक पिशवी. पाणी गेले की पिशवी आक्रसते, तिचे पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटतात, फाटतात. आतली प्रथिने गोळा होऊन बसतात, दूध नासल्यावर चोथा होतो तशी. मग वरून कितीही पाणी द्या, फाटलेली पिशवी भरत नाही. म्हणून बहुतेक पिके वाळण्याची वेळच येऊ नये यासाठी धडपडतात. तूर मूळ खोल नेते, ज्वारी पान गुंडाळते, घायपात पानातच पाणी साठवून ठेवते. ही सारी वाळण्यापासून पळवाट झाली. वाळणे सोसणे नव्हे.

सगळे झाडच वाळून परत हिरवे होते, असेही काही प्रकार आपल्याकडे आहेत. सह्याद्रीच्या सड्यांवर, जिथे कातळावर बोटभर माती असते, तिथे काही बारीक गवते आणि नेचे उन्हाळ्यात तपकिरी होऊन गुंडाळून पडतात. गुराखीसुद्धा त्यांना मेलेलीच समजतो. वळवाचा पाऊस पडला की एक-दोन दिवसांत तेच पान उलगडते आणि हिरवे होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पतींची नोंद केली आहे. पण त्या सगळ्या बुटक्या आणि सावकाश वाढणाऱ्या. आपल्या एकाही धान्यपिकाच्या पानात ही ताकद नाही. पिकाने ती फक्त बियात राखून ठेवली आहे.

आता बियाची तयारी. दाणा दुधाळ असतो तेव्हा तो पाण्याने भरलेला असतो. हुरड्यात येतो तेव्हा अन्न भरणे चालू असते. त्यानंतरचे दिवस महत्त्वाचे. झाड दाण्याची रसद हळूहळू बंद करते आणि दाणा आपल्या पेशींत दोन गोष्टी साठवू लागतो: काही खास साखरा आणि काही खास प्रथिने. पाणी निघून जाते तशी ही साखर-प्रथिने पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसतात आणि त्यांना चिकटू देत नाहीत. शेवटी पेशीतला सगळा रस घट्ट होत होत काचेसारखा होतो.

काचेसारखा म्हणजे कसा, हे माताभगिनींना लगेच कळेल. चिक्कीसाठी गुळाचा पाक करताना आधी तो पातळ असतो, मग तार धरतो, आणि शेवटी थेंब पाण्यात टाकला की टणक होऊन कट्‌कन मोडतो. साखरेचे दाणे पडत नाहीत, सगळा पाक एकजीव गोठतो. बियाच्या पेशीत असेच काहीसे घडते. त्या गोठलेल्या पाकात काही हलत नाही, म्हणून काही बिघडतही नाही. श्वास जवळपास थांबतो. जीव असतो, पण त्याचे काम बंद असते.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ही तयारी पुरी होण्याआधी कणीस कापले तर दाणा वाळेल, पण सुरकुतेल आणि टिकणार नाही. ज्वारीत याची खूण सोपी आहे. दाणा कणसातून काढून त्याचे बूड पाहा. तिथे काळा ठिपका दिसला की झाडाकडून येणारी रसद थांबली, दाणा पक्व झाला. बियाण्याची कणसे ठिपका आल्यावरच निवडायची. हुरडा खायला घाई केली तर चालते, बियाण्याला नाही.

दुसरी गोष्ट चिक्कीवरूनच कळते. आषाढात डब्याचे झाकण उघडे राहिले की चिक्की मऊ पडते, चिकट होते. हवेतला दमटपणा तिने ओढून घेतलेला असतो. बियाणेही हेच करते. बाहेर दमट असेल तर दाणा हवेतून पाणी ओढतो, आतला गोठलेला पाक सैल होतो आणि थांबलेला श्वास पुन्हा सुरू होतो. पण उगवण्याइतके पाणी काही मिळत नाही. म्हणजे दाणा धड झोपलेलाही नाही आणि धड जागाही नाही. अशा अवस्थेत तो स्वतःचीच शिदोरी खात बसतो, पापुद्रे खराब होत जातात, बुरशी लागते, आणि जूनपर्यंत जीव जातो.

हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाने यासाठी एक ढोबळ हिशोब सांगून ठेवला आहे. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणीची जागा पाच अंशांनी थंड केली की तेही दुप्पट होते. ओलावा पाच ते चौदा टक्के असेल तोवर हा हिशोब लागू पडतो. आता गणित करा. चौदा टक्क्यांचे बी दहा टक्क्यांवर आणले, म्हणजे चार टक्के कमी केले, तर आयुष्य दुप्पट, चौपट, आठपट आणि मग सोळापट. खर्च काय? चार उन्हे आणि एक ताडपत्री.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत देशातल्या वाणांचे बियाणे जपून ठेवले आहे, ते याच नियमावर. बी खूप सुकवायचे, हवाबंद पाकिटात भरायचे आणि उणे १८ अंशांत ठेवायचे. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या अवशेषांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या. त्या वाळवंटी हवेतच पडून होत्या. २००५ साली त्यांतल्या काही पेरल्या, त्यांतली एक उगवली. आपल्याला दोन हजार वर्षे नकोत, ऑक्टोबर ते जून एवढेच हवे आहेत.

मग किती वाळवायचे? प्रमाणित बियाण्यासाठी सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा घरच्या बियाण्यालाही चांगली. साध्या पोत्यात ठेवायचे असेल तर ज्वारी, बाजरी, गहू आणि सोयाबीन १२ टक्के. हरभरा, तूर, मूग आणि भुईमुगाच्या शेंगा ९ टक्के. कांद्याचे बी ८ टक्के. हवाबंद डब्यात ठेवायचे असेल तर याहून कमी हवे. सोयाबीन ७ आणि कांदा ६ टक्के. इथे पुष्कळांची गफलत होते. हवाबंद म्हणजे सुरक्षित असे समजून अर्धवट सुकलेले बी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात. त्यातला ओलावा बाहेर जात नाही, आतच घाम धरतो, आणि पोत्यात राहिले असते त्याहून लवकर बी मरते. डबा हवाबंद तर बी कडकडीत. बी साधारण सुकलेले असेल तर गोणपाट बरे.

घरी ओलावा मोजायला यंत्र नसते. जुनी माणसे दाणा दाताखाली धरून बघत. कट्‌ आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळला, दबला तर ओला. ही परीक्षा खोटी नाही. दुसरी एक सांगतो. थोडे मीठ तव्यावर कोरडे भाजून गार होऊ द्या. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर बी आणि चमचाभर मीठ घाला, बूच लावून चांगले हलवा आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे असे समजा. चिकटले नाही तर पंधराच्या खाली, एवढेच. बारा झाला असे नव्हे. तेव्हा आणखी दोन-तीन उन्हे द्यावीत.

ऊन देतानाही तारतम्य हवे. ओल्या बियाला ४० अंशांवरची उष्णता सोसत नाही. दुपारी सिमेंटच्या खळ्यावर किंवा पत्र्यावर आपल्याला पाय ठेववत नाही, तिथे बी पसरून जेवायला जायचे, हे बियाण्याचे वाळवण नव्हे, भाजण झाले. सकाळी ताडपत्रीवर पातळ थर करा, अधूनमधून पाय फिरवून वरखाली करा आणि ऊन तापले की गोळा करून सावलीत घ्या. गार झाल्यावरच पोत्यात भरा.

सोयाबीनविषयी थोडे जास्त सांगतो, कारण घरचे बियाणे सर्वांत अधिक दगा देते ते सोयाबीनचे. याचे टरफल फार पातळ. अंकुराचे मूळ त्या टरफलाच्या लगेच खाली असते, म्हणून बाहेरून साधी चीरही न दिसता आतला अंकुर मोडू शकतो. ओलावा १३-१४ टक्के असताना मळणी करा आणि यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० च्या आत ठेवा. मळणीवाला घाईत असतो, पण बियाण्याचा ढीग वेगळा सांगून त्याला वेग कमी करायला लावा. दोन रुपये जास्त मागितले तर द्या. पोती उंचावरून आपटू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी आणि चार-पाचच्या वर थप्पी नको. खालच्या पोत्यातले बी वरच्या भाराने चिरडते. त्याच खोलीत खताच्या गोण्याही नकोत.

आणि एक. शेंगा वाळल्यावर शेतात उभ्या असताना परतीच्या पावसात भिजल्या, तर त्या प्लॉटचे बी ठेवू नका. दाणा शेंगेत फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. दोन-तीन वेळा असे झाले की उगवणशक्ती गेली. तो माल बाजाराला चालेल, पेरायला नाही.

भुंग्या-सोंड्यांचेही वाळण्याशीच नाते आहे. ओलावा नऊ-दहा टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक किडींची वाढ मंदावते. आणि आपल्या आज्या कडधान्यात चुलीची चाळलेली राख घालत, त्याचे कारण ऐका. किडीच्या अंगावर मेणाचा पातळ लेप असतो. तोच तिच्या अंगातले पाणी धरून ठेवतो. राखेचे बारीक कण तो लेप खरवडतात, पाणी उडून जाते आणि कीड वाळून मरते. बियाला वाळणे सोसते, किडीला सोसत नाही. आजीने या फरकाचाच उपयोग केला. घरगुती बियाण्याला ही रीत आजही उत्तम आहे, मात्र राख कोरडी ठणठणीत हवी.

आता पेरणीकडे येऊ. बियाची वाळणे सोसण्याची ताकद कायमची नसते. दाणा पाणी पितो, फुगतो, तोवर तो परत वाळला तरी जगतो. ज्वारी किंवा हरभरा रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून पेरण्याची पद्धत याच आधारावर चालते. (सोयाबीन आणि भुईमूग मात्र भिजवू नका, त्यांचे टरफल सुटते.) पण एकदा का टरफल फोडून मूळ बाहेर आले, की पेशीतली ती साखर आणि ती प्रथिने संपलेली असतात. आता तो दाणा राहिला नाही, रोपटे झाले. ते वाळले की मेले.

दुबार पेरणीचे दुखणे इथे आहे. मृगाचा एक सडाका येतो, वरची चार बोटे माती भिजते आणि आपण पेरून मोकळे होतो. सोयाबीनच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी लागते. तेवढे त्या सरीतून मिळते, मोड येतो, आणि मग आठ-दहा दिवस उघडीप. मूळ खाली ओल शोधत जाते, पण ओल असतेच कुठे? गंमत अशी, की माती पूर्ण कोरडी असती तर तेच बी पावसाची वाट पाहत जिवंत राहिले असते. अर्धवट ओल त्याला मारते. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोलवर गेल्याशिवाय खरिपाची पेरणी नको, असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. शेजाऱ्याची तिफण चालू झाली की धीर धरवत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी कुदळीने एक खड्डा घेऊन ओल कुठवर गेली ते स्वतः पाहा आणि मग ठरवा. दुबार पेरणी म्हणजे बी दोनदा, मजुरी दोनदा आणि हंगाम पंधरा दिवस मागे.

सगळ्याच बियांना वाळवणे मानवत नाही, हेही सांगितले पाहिजे. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभूळ आणि कोकमाचे बी यांना वाळवून ठेवले की ते मेलेच. ही फळे पिकतात पावसाच्या तोंडावर. बी पडते ते ओल्या जमिनीवर. त्यांना वाट पाहण्याची गरजच पडली नाही, म्हणून त्यांनी ती तयारी केली नाही. कोकणात कोय कलमे बांधणारे लोक हे ओळखून असतात. फळ खाल्ले की कोय धुतात, पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकतात आणि बाकीच्या लगेच रुजत घालतात. महिनाभराने रोपवाटिका करू म्हणून कोयी उन्हात वाळवून पोत्यात भरल्या, तर त्या चुलीत घालायच्या लायकीच्या राहतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांतही असेच दोन गट आहेत. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १७०२ साली छपराच्या पन्हाळीतली वाळलेली धूळ पाण्यात टाकली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातून बारीक प्राणी पोहू लागलेले पाहिले. गव्हाच्या ओंबीत दाण्याऐवजी काळी गाठ करणारा सूत्रकृमी त्या गाठीत पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाळलेला राहून पुन्हा जिवंत होतो. म्हणून अशा गाठी बियाण्यात राहू देऊ नयेत. भातखाचरातले निळे-हिरवे शेवाळ वाळवून पापडीसारखे साठवता येते.

मात्र कडधान्याच्या मुळांवर गाठी करणारा रायझोबियम जिवाणू या बाबतीत नाजूक. पाकिटातली काळी भुकटी ओलसर असते ती त्याला जिवंत ठेवण्यासाठीच. ते पाकीट मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवले, किंवा बियाला चोळून बी दिवसभर उन्हात टाकले, तर जिवाणू वाळून मरतो आणि आपण नुसता कोळसा पेरतो. २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाला गुळाच्या पाण्यातून चोळा, सावलीत तासभर सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी.

राहिली घरच्या बियाण्याची परीक्षा. ती मे महिन्यात करा, पेरणीच्या आदल्या दिवशी नको. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढून मिसळा. निवडू नका, जसे येतील तसे शंभर दाणे मोजा. गोणपाटाचा तुकडा भिजवून, पिळून पसरा, त्यावर दहा-दहाच्या ओळींत दाणे मांडा, वर दुसरा ओला तुकडा घाला आणि गुंडाळी करून सावलीत ठेवा. असे तीन नमुने करा. रोज पाणी शिंपडा, पण चिंब नको. सोयाबीन सहा-सात दिवसांनी उघडा आणि मूळ व कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. नुसते फुगलेले किंवा वाकडे-तुटके धरू नका. तिन्हींची सरासरी काढा.

शंभरात सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीप्रमाणे एकरी ३० किलो बी पुरते. साठच उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागा, म्हणजे एकरी ३५ किलो लागेल. साठाच्याही खाली असेल तर ते बियाणे बाजारात घाला आणि दुसऱ्या बियाण्याची तजवीज मे महिन्यातच करा. जूनमध्ये दुकानात गर्दी होते, आणि त्या गर्दीत वाण निवडायला सवड मिळत नाही.